यादीतून काढलेला फोन

आरोन रोहेकर खारघरच्या एका कंपनीत मोबाइल अ‍ॅप तपासायचा. टेबलावर नवे-जुने फोन वायरींनी जोडून ठेवलेले असत. त्याने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, आधी प्रत्येक फोनला विचारायची: मॉडेल कुठलं, अँड्रॉइड कुठलं, अ‍ॅपचं व्हर्जन कुठलं? उत्तरं आली की स्क्रिप्टच अ‍ॅप उघडून एकेक बटण दाबून बघायची.

पनवेलच्या घरी तो आणि वडील. मोशे रोहेकर तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढे मधुमेहाने त्यांची नजर नेली. मुलगी निरीत लग्न होऊन इस्रायलमधल्या अश्दोदला गेलेली, नर्स. ड्युटीमुळे फोनवर सापडायची नाही. म्हणून ती आणि मोशे एका अ‍ॅपवरून एकमेकांना आवाजात निरोप पाठवत. मोशेंच्या जुन्या फोनला स्क्रीनखाली उंचवट्याची बटणं होती. कुठलं दाबलं की निरीत बोलते, कुठलं धरलं की आपलं बोलणं जातं, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. खोलीचं दार लावून ते बोलत बसायचे. बायको रूबी गेल्यावर तिच्याबद्दल ते बोलले ते फक्त निरीतशी.

२०१६ साली तेच अ‍ॅप आरोनच्या कंपनीकडे तपासायला आलं. नव्या व्हर्जनवर स्क्रिप्ट चालली आणि एका फोनवर अडकली. अ‍ॅप उघडायचं आणि लगेच बंद पडायचं. आरोनने तपशील वाचला. मॉडेल बाबांचंच, अँड्रॉइडही तेच.

त्याने रिपोर्ट पाठवला. दोन दिवसांनी टीम लीड भावना त्याच्या टेबलाशी आली.

"क्लायंट म्हणतोय, हे मॉडेल आता सोडून द्या. वापरणारे उरलेच नाहीत."

"माझे बाबा वापरतात. त्यांना दिसत नाही, भावना. बटणांवरच चालतं त्यांचं."

"मी पुन्हा मेल टाकते," ती म्हणाली, आणि टाकलाही. उत्तर बदललं नाही. तपासायच्या फोनांच्या यादीतून ते मॉडेल आरोननेच काढलं. पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली तेव्हा सगळं हिरवं, म्हणजे पास, आलं.

त्याने बाबांच्या फोनवरचं अपडेट बंद करून ठेवलं. महिनाभर चाललं. मग जुनं व्हर्जन सुरूच होईना. त्याने नवा फोन आणला. सपाट काचेवर मोशेंची बोटं भलतीकडेच जात. "इथे काही लागतच नाही रे हाताला," ते म्हणत. फोन बोलून सांगतो ती सोय आरोनने लावून दिली, तर त्या आवाजाने ते आणखीच गोंधळले.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी आरोन त्यांच्याजवळ बसला. काचेवरचं बटण दाबून म्हणाला, "बोला, बाबा."

"निरीत, मी बरा आहे. शब्बाथ शालोम."

"एवढंच?"

"एवढंच. पाठव."

"मी चालू करून बाहेर जाऊ का?"

"आणि बंद कोण करणार?"

दर शुक्रवारी तेच होऊ लागलं. मग एकदा निरीतचा निरोप आरोनच्या फोनवर आला. "बाबा माझ्यावर रागावलेत का रे? धड बोलतच नाहीत."

त्याने नव्या फोनचं सगळं सांगितलं, यादीचं नाही. तिचं उत्तर लगेच आलं. "अरे, पण ते अ‍ॅप तुझ्याच ऑफिसात आहे ना? मग सांग ना तिथल्या लोकांना, जुन्या फोनवर चालू करा म्हणून."

आतून मोशेंनी विचारलं, "निरीतचा आवाज ना तो? काय म्हणते?"

"बरी आहे," आरोन म्हणाला.