‘झाडी’ नावाचा कॉम्प्युटर

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती, म्हणून प्रज्ञाच्या भावाचा फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मॅडम, ताई गेली." कर्करोगाने ती महिनाभर नागपूरच्या दवाखान्यात होती, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. मी समोरच्या मुलीला पुढचा प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, गुण दिले. त्याला आता सहा आठवडे झाले.

प्रज्ञा रामटेके गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडची. पॉलिटेक्निकला आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. पुढे मी शिकवण्याची नोकरी धरली आणि तिने नव्याण्णव साली गोंदियात एक खोली भाड्याने घेऊन स्वतः जोडलेले कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली. असे जोडून देणारे गावात आणखीही होते, पण पेटीवर स्वतःचं नाव कुणी घालत नसे. प्रज्ञाने घातलं, ‘झाडी’, म्हणजे आमच्या या धानाच्या नि जंगलाच्या मुलखाचं नाव. लोक हसले. तिचा खरा हट्ट मात्र पेटीच्या आत होता. टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे एकाच कंपनीचा प्रोसेसर घरोघरी ठाऊक झाला होता आणि प्रज्ञा वापरायची दुसऱ्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "मॅडम, टीव्हीवाला लगाओ ना, उसका नंबर भी बडा है." तो नंबर म्हणजे वेगाचा आकडा. प्रज्ञा त्यांना समजावायची, "भरभर चालणारी बाई जास्त धान रोवते का? एका फेरीत किती रोवते ते पाह्य. त्याच्या फेऱ्या जास्त, पन माह्यावाला एका फेरीत काम जास्त करते." मग दोन्ही मशीन शेजारी ठेवून तेच काम दोन्हींवर करून दाखवायची. काहींना पटायचं. बरेच जण मान डोलवायचे आणि समोरच्या दुकानात जाऊन मोठ्या नावाचा घ्यायचे.

माझ्या शब्दावर आमच्या कॉलेजने तिच्या दहा मशीन घेतल्या. जानेवारीत बसवल्या, उत्तम चालल्या. एप्रिलच्या शेवटी, ऐन परीक्षेत, एकेक करून बंद पडू लागल्या. प्राचार्य मुलांसमोर मला म्हणाले, "मैत्रिणीचा माल आणलात ना? आता निस्तरा." माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी फोनवर प्रज्ञावर ओरडले, "तुझ्या हट्टापायी माझी नोकरी चालली!" ती तासाभरात ऑटोने आली. आल्या आल्या तिने पहिली पेटी उघडली. भिंतीपलीकडच्या राइस मिलचा कोंडा पंख्यावर जाड बसला होता आणि आतली गरम हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. तो प्रोसेसर तापायचा जास्त. तिने हात पुसले आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत गेली. मी मागे होते. मला वाटलं, कोंड्यावर ढकलेल, विजेवर ढकलेल. ती म्हणाली, "सर, मी या मशीन थंडीत तपासल्या. उन्हाळ्याचा विचार केला नाही. चूक माझी आहे, मॅडमची नाही. आठ दिवस द्या." आठही दिवस ती लॅबमध्ये राबली. पेट्या बदलल्या, मागे हवा ओढणारा जादा पंखा बसवला, पुढे कापडाची जाळी लावली. मे महिन्यात, बाहेर ऊन रणरणत असताना, दहाच्या दहा मशीन दिवसभर चालवून दाखवल्या आणि मगच घरी गेली. जाताना मी तिचा हात धरला. म्हणाली, "रडून कायले राहिली? आपल्या उन्हाळ्यात चालल तेच झाडी."

त्यानंतर एका क्लासवाल्याने तिला मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच होती, आत काहीही असो, बाहेर टीव्हीवाल्या कंपनीचं स्टिकर हवं. असली स्टिकरं बाजारात मिळायची. दुकान तेव्हा जेमतेम चाललं होतं. मीच म्हटलं, "लावून टाक, कोण उघडून पाहते?" ती म्हणाली, "पेटीवर माह्यं नाव हाय. त्याच्या बाजूले खोटं नाव काऊन चिकटवू?" ऑर्डर हातची गेली. पुढे त्या दुय्यम म्हटल्या जाणाऱ्या कंपनीने आणलेली चौसष्ट बिटची, म्हणजे एका दमात दुप्पट मोठे आकडे हाताळणारी रचना टीव्हीवाल्या मोठ्या कंपनीलाही स्वीकारावी लागली, तेव्हा तिच्याकडे पेढे घेऊन मीच गेले होते, ती स्वतः काही पेढे वाटत नव्हती.

आणि मग काही वर्षांनी तिने मला धक्का दिला. मोठ्या कंपनीने नुसता वेगाचा आकडा फुगवणारी आपली जुनी रचना सोडून नवी आणली होती. प्रज्ञाने ती आठवडाभर घासून तपासली आणि ‘झाडी’त तोच प्रोसेसर बसवायला लागली. मला फसवल्यासारखं झालं. "इतकी वर्षं भांडलीस ती कशासाठी?" ती शांतपणे म्हणाली, "मी कंपनीसाठी नाही भांडली. आज याचं काम जास्त, तापणं कमी. आता नाही घेतला तं मी बी नावालेच चिकटली म्हनावं लागल." त्या दिवशी मला तिच्या हट्टाचा अर्थ कळला... फार उशिरा कळला.

लॅपटॉप आणि मोबाइल आले तशी जोडलेल्या मशीनची मागणी आटली. ‘झाडी’ बंद करून ती दुरुस्तीकडे वळली. आजारपणातही जमेल तितके दिवस टेबलाशी बसली.

ती गेल्यानंतर पंधरा दिवसांनी कॉलेजच्या नव्या लॅबच्या खरेदीचा कागद माझ्याकडे आला. प्रोसेसरच्या रकान्यात एका कंपनीचं नाव आधीच छापलेलं होतं. नवे प्राचार्य म्हणाले, "राहू द्या मॅडम, नाव असलं की कुणी प्रश्न विचारत नाही." मी ते नाव खोडलं आणि मशीनने कोणतं काम किती वेळात करायचं आणि किती तापलेलं चालेल, ते लिहिलं. "हे तपासणार कोण?" त्यांनी विचारलं. "मी," म्हटलं.

परवा नमुन्याची पहिली मशीन आली. मी स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं आणि मुलींना जवळ बोलावलं.