मास्तरांनी रडवलेली बाई

बेंगळुरूची नोकरी लागली तेव्हा मालवणच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला दोनच माणसं आली होती. आई, आणि आमच्या जुन्या बाजारगल्लीतले मास्तर. मास्तर लेखक. त्यांनी आपलं पुस्तक पुढे केलं तशी आई माझ्या कानात पुटपुटली, "घेव नको गो." मी घेतलं. आईचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं, का ते मी विचारलं नव्हतं.

त्या पुस्तकात आमची अख्खी गल्ली आहे. चिऱ्यांच्या भिंती, नळ्यांची छपरं, केस कापता कापता नाटकातली पदं म्हणणारा न्हावी, आणि नवरा समुद्रातून परतला नाही म्हणून विहिरीच्या कठड्यावर रडत बसलेली बाई. ती माझी आई. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, तरी तिचं रडणं मला लख्ख आठवायचं. परमुलखात करमेनासं झालं की मी तेच पान उघडायचे. एवढ्याशा गल्लीत असा लेखक झाला, याचा मला कोण अभिमान! ऑफिसात कुणी तावडीत सापडलं की मी सुरूच.

आता मास्तर नाहीत. यंदा मे महिन्यात मी गावी गेले तर गल्लीत हेरिटेज वॉक सुरू झालेला. विहिरीपाशी गाइडने ते पान वाचलं. पाहुण्या पोरी डोळे पुसत होत्या, मीही पुसले. मग आमच्या दोऱ्या-जाळ्यांच्या दुकानात येऊन आईला म्हटलं, तुझं ते रडणं मला अजून आठवतं.

आई दोरी मापत होती.

"खंय रडलंय मी? सुतक फिटला तसा दुकान उघडलंय. तुका बाजूक बसवन. लोक नावां ठेवत होते. मास्तरांक इचारलंय, माका कित्याक रडवलात? तर म्हणतत, गोष्टीक लागता." दोरी कापून म्हणाली, "समुद्र मात्र बरो लिवल्यानी."

म्हणजे मला आठवत होतं ते मास्तरांचं लिहिणं. गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचंही असं होतं का? त्या रडणाऱ्या बाईसाठी मी तीस वर्षं हळवी होत राहिले. दुकान उघडणारी बाई समोर होती, तिला एकदाही काही विचारलं नाही. मला आता घर म्हणजे ती वाटते, आणि तिची मला नीट माहितीही नाही, याची लाज वाटते. गणपतीला महिन्याची रजा टाकली आहे. आईची ओळख करून घ्यायची आहे.