सुमनताईनं ओळखलेलं ऊन

पाच आठवडे झाले. सांगलीहून, विश्रामबागेतल्या सुमनताईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात चहा टाकत होतो. "ताई गेल्या हो..." एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. मी गॅस बंद केला. चार तासांपूर्वीच मी ताईशी बोललो होतो, हे मी तिला सांगितलं नाही. नंतरही कुणाला सांगितलं नाही. आता लपवायचाही कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

सुमनताई माझी मावसबहीण. आटपाडीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिनं उभा जन्म काढला. एका चैत्रात तिच्या गावच्या जत्रेत माझे वडील देवाची उंच सासनकाठी नाचवत होते. पोटात उपास, डोक्यावर भर दुपारचं ऊन. एकाएकी ते थांबले, डोळे तारवटले, काहीबाही बोलू लागले. "देव आला अंगात!" कुणीतरी ओरडलं. गुलाल उधळला गेला, बायका पाया पडू लागल्या. मीही हात जोडले... स्वतःच्या बापापुढे. तेवढ्यात ताई गर्दीत घुसली, तिनं वडिलांच्या काखेत हात घातला आणि सगळ्यांवर खेकसली, "देव न्हाई, ऊन लागलंय! आंग भट्टीवानी तापलंय. सरका बाजूला!" त्यांना सावलीत ओढून तिनं टँकरचा पाइपच अंगावर सोडला. एक म्हातारे आडवे आले, "आवं बाई, तापल्या अंगावर गार पानी? सर्द-गरम हुईल की!"

"हुंद्या, आण्णा. आदी मानूस तर जगूंद्या!"

मी वडिलांच्या तोंडाला तांब्या लावायला गेलो, तर हातावर फटका बसला. "शुद्ध हाय का त्यास्नी? ठसका लागून जीव जाईल. टोपीनं वारा घाल!" दवाखान्याची जीप येईपर्यंत तिनं पाणी आणि वारा थांबू दिला नाही. वडील वाचले. पुढं दर उन्हाळ्यात ती मला बजावायची, "मानूस तापला आन् बरळाय लागला, की घाम बगत बसू नगंस. पानी वत, आन् दवाखाना गाठ."

निवृत्तीनंतर ती विश्रामबागेत वरच्या मजल्यावर एकटीच राहायची. या वैशाखात, त्या दिवशी तिथं सकाळपासून वीज नव्हती, हे मला नंतर कळलं. दुपारी मी फोन केला तर म्हणाली, "सासनकाठी खाली ठिवलीस का रं?"

मला हसू आलं. "ताई, झोपेतून उठलीस वाटतं."

"व्हय," ती म्हणाली, आणि परत तेच विचारलं. "पड जरा," म्हणून मी फोन ठेवला. घरात बसूनही ऊन लागतं, हे तिनंच मला सांगितलं होतं. शेजारणीचा नंबरही माझ्याकडे होता.

आता मी कुंडल गावी आईला रोज दुपारी फोन करतो. काय जेवलीस, आज वार कुठला, कोण आलं होतं... ती वैतागते. "सोमवार हाय, आन् मी तुजी आई हाय. याड लागलंय व्हय मला? ठेव फोन!" ती चिडली की मला हायसं वाटतं. ताई त्या दुपारी माझ्यावर चिडली नव्हती.