बिडीला लागलेली पांढरी पावडर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तरी नीट सांगता येईल का — बघतो.

जालन्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. रंगावर ओरखडे उठू नयेत म्हणून आम्ही त्यात एक पांढरी पावडर मिसळतो. फ्लोरोपॉलिमर म्हणतात तिला. नॉनस्टिक तव्यावर असतं त्याच जातीची. पाण्याला दाद देत नाही, अ‍ॅसिडला देत नाही. मोठी गुणी वस्तू! फक्त विस्तवाशी तिचं जमत नाही.

ती मिसळायचं काम हसनाबादच्या किसनमामांचं. बिडीबंडल कामाच्याच शर्टाच्या खिशात, आणि चहाच्या सुट्टीत त्याच पांढऱ्या हातांनी बिडी. संध्याकाळी हुडहुडी भरायची, छाती जड व्हायची. दुसऱ्या दिवशी खाडा, तिसऱ्या दिवशी मामा ठणठणीत. असा कुठं ताप असतो का? मामा पितात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मालकांनीही.

"देवाशपथ, थेंब न्हाई घेतला. जांबला चला, समर्थांच्या देवळात सांगतो," मामा मालकांना म्हणाले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

मला माहीत होतं — हेच ते. पावडरीसोबत आलेला इंग्रजी कागद मी वाचला होता. तंबाखू जवळ बाळगू नका. बिडीला लागलेली पावडर जळली तर त्या धुरानं थंडीताप येतो. कामगारांना हे समजावणं माझं काम. समजावलं नव्हतं, पण समजावल्याची सही ठोकली होती. बोललो असतो तर सही उघडी पडली असती. मी मान खाली घातली. त्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला, आणि मी निघू दिला. मामांना त्याच दिवशी घरी बसवलं.

पुढच्या आठवड्यात मी तो कागद मराठीत करून भिंतीवर लावला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. इतकं सोपं असतं हे?

गेल्या महिन्यात अंबडच्या स्टँडवर मामा भेटले. चहा त्यांनीच पाजला.

"काम सुटलं तवापासून ताप न्हाई आला, साहेब. गावात म्हणून राह्यले, मामाची दारू सुटली. बायको बी तेच म्हणती. आधी लई भांडलो. मंग आता मी बी हो म्हणतो."

मी चहा संपवला. "बरं झालं, मामा," म्हणालो, आणि जालन्याच्या गाडीत बसलो.