दोन कोरे तळहात

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी आधी स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहतो. निजामाचे राज्य होते. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर मी अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, म्हणून नुकताच रुजू झालो होतो. अंगात रग होती आणि पहिला मोठा गुन्हा आपल्याच हातून उघडकीला यावा, अशी भलतीच घाई होती.

एके दुपारी पालमकडच्या एका गावातून तिथल्या पुजाऱ्याचा मेहुणा घामाघूम होऊन ठाण्यात आला. काल तिन्हीसांजेपर्यंत असलेला महादेवाचा चांदीचा मुखवटा सकाळी जागेवर नव्हता. पाटलांनी सारा गाव देवळासमोर बसवून एकेकाला बेलभंडारा उचलायला लावला होता. बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा मुठीत धरायचा आणि 'मी घेतला नाही' म्हणायचे. खोटी शपथ घेणाऱ्याचे वाटोळे होते, ही गावाची पक्की समजूत.

"सगळ्यांनी उचलला साहेब, फकस्त एकानं न्हाई. किरिस्ताव झालाय त्यो. त्यानंच नेलाय," मेहुणा म्हणाला.

मी फिर्याद लिहून घेतली, तिच्यावर त्याचा अंगठा घेतला आणि त्याला व जमादाराला घेऊन घोड्यावर मांड टाकली.

चावडीच्या खांबाला तो माणूस बांधलेला होता. चाळिशीचा, हडकुळा. देवळासमोर हलगी वाजवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याकडे होते. चार वर्षांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि हलगी खुंटीला टांगली, तेव्हापासून गाव त्याच्यावर डूख धरून होते. शेजारी त्याची बायको बसली होती. चोरी शाबीत झाली की नवरा तुरुंगात आणि तुझे बिऱ्हाड गावाबाहेर, असे पाटलांनी तिला बजावूनच ठेवले होते.

पंचनामा उरकून मी त्याच्यासमोर बसलो.

"काल तिन्हीसांजेला कुठे होतास?"

"देवळामागं. गवत कापायलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"कुणीच न्हाई."

जमादार माझ्या कानाशी लागला, "साहेब, ही अर्धी कबुलीच झाली." मलाही तसेच वाटले. 'आरोपीने कबुली दिली' एवढी ओळ मी रोजनाम्यात लिहूनसुद्धा टाकली. ज्याला देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती तो गाभाऱ्यात शिरला कसा, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्याची आजही लाज वाटते.

"उचला की वो ती पानं," त्याची बायको रडत म्हणाली. "लेकरांकडं तरी बघा."

"ज्याच्यावर माझा इश्वास न्हाई, त्याची आण घेतली तर तेच खोटं झालं की," तो शांतपणे म्हणाला. "मग माझ्या न्हाईला काय किंमत? प्रभूपुढं कोणत्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

मी डाव बदलला. "तुझा संशय कोणावर आहे? नाव घे, आत्ता दोर सोडतो." असे विचारले की माणूस हमखास बांधाला बांध असलेल्या भाऊबंदाचे नाव घेतो, हा माझा पुढच्या सगळ्या नोकरीतला अनुभव. हा बहाद्दर मान हलवून म्हणाला, "पाहिलं न्हाई ते कसं सांगू साहेब?"

"मग पाहिलंस तरी काय?" मी वैतागून विचारले.

"सगळे बेलभंडारा उचलायले तवा मी बाजूला उभा होतो. पुजाऱ्याच्या मेहुण्यानं पान उचललं, भंडाऱ्याला बोट लावलं न्हाई. पण त्यो चोर हाय असं मी म्हणत न्हाई. दिसलं तेवढं सांगितलं."

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरले. पंचनाम्यावर पंचांची बोटे जिथे जिथे लागली होती तिथे पिवळे डाग होते. फिर्यादीवर मेहुण्याच्या अंगठ्याची काळी शाई होती, घामाचे ठसे होते; हळदीचा मागमूस नव्हता. आणि तो गडी शपथेवरून उठून थेट ठाण्यात आला होता.

मेहुणा दारातच उभा होता. मी म्हणालो, "हात दाखवा."

त्याच्या मुठी आवळल्या. "धुतले साहेब."

"हळद अशी धुतल्यानं जाती व्हय?" पाटील पुढे झाले आणि त्यांनी आपला पिवळा तळहात उघडला. "मी तीनदा धुतलेत."

मी भंडारा मागवला. "आता सगळ्यांपुढे उचला आणि म्हणा, मी घेतला नाही."

त्याचा हात भंडाऱ्यापाशी गेला आणि तिथेच अडला. देवाचा मुखवटा त्याला चोरता आला होता, खोटा भंडारा उचलणे काही जमेना. हात मागे घेऊन त्याने मुखवट्याची जागा सांगून टाकली. दिवस मावळायच्या आत त्याच्या कडब्याच्या गंजीतून मुखवटा निघाला, आणि मी लहान पोरासारखा हरखून गेलो.

हरखलेलाच त्या माणसाचा दोर सोडायला गेलो. मनगटे चोळत त्याने विचारले, "साहेब, मघाशी त्या वहीत माझं काय लिहिलं?"

मी सहज थाप मारू शकलो असतो. पण त्या माणसासमोर जीभ वळेना. "तू कबुली दिलीस, असं लिहिलं."

तो रागावला नाही. नुसता माझ्याकडे बघत म्हणाला, "मी तर न्हाई म्हणलो होतो."

त्याच्यासमोर मी ती ओळ खोडली, 'चुकीने लिहिले' अशी नोंद केली आणि सही केली. पुढे वरिष्ठांचा ठपका आला, तो मुकाट्याने घेतला. मेहुण्याच्या खटल्यात साक्षीला उभे राहून त्या माणसाने 'प्रभूनं कसलीच आण घेऊ नका म्हटलंय' असे सांगत शपथ घ्यायला नकार दिला, तेव्हा न्यायाला बसलेल्या मुन्सिफांच्या कपाळाला आठी पडली. त्याला खांबाला बांधणारे पाटीलच हात जोडून उठले. "त्याचं न्हाई म्हंजी न्हाई साहेब, आन् व्हय म्हंजी व्हय. आमच्या गावानं पाहिलंय." साक्ष लिहून घेतली गेली. बिऱ्हाड गावातच राहिले.

त्या दिवशी गावात दोनच तळहात कोरे होते. एक भीतीने कोरा राहिला, दुसरा श्रद्धेने, आणि नुसते हात बघून मला फरक कळला नसता. तो कळला त्या माणसाच्या मोजक्या, खऱ्या शब्दांनी. त्याच्या धर्मातले मला फारसे कळत नाही. पण धर्म जिभेवर कसा पाळायचा, हे मी त्याच्याकडून शिकलो. पुढच्या साऱ्या नोकरीत कोणाची कबुली लिहायला टाक उचलला की मी आधी थांबायचो. चावडीतला तो आवाज कानात यायचा, "मी तर न्हाई म्हणलो होतो."