दोन थापा आणि एक वगळलेली ओळ

ती फिर्याद अजूनही लख्ख आठवते. आठवली की आधी स्वतःची लाज वाटते आणि पाठोपाठ पाच जणींचे आभार मानावेसे वाटतात. नावं कुणाचीच घेणार नाही.

तेव्हा मी पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकडच्या भागात तपासाचं काम बघत होतो. एका संध्याकाळी दवाखान्यातून कळवलं की मारहाणीत गळ्यालगतचं हाड मोडलेला एक इसम दाखल झालाय. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. माणूस तिशीचा, धिप्पाड, घरची कोळंबीची तळी. त्याने सांगितलं, बांधावरच्या वाटेवरून जुना वाद होता, म्हणून गावातल्या एका मुलीने दोन अनोळखी पोरं आणून त्याला पहारीने मारलं. फिर्याद नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला तिच्या आईसोबत बोलावून घेतलं.

मुलगी बावीस वर्षांची, बाप मिठागरात कामाला. ओल्या कपड्यांनिशी वजन केलं तरी पन्नास किलो भरली नसती. आमच्या महिला हवालदार लिहायला बसल्या आणि मी विचारायला लागलो.

"ती दोन पोरं कोण?"

"पोरं नव्हतीच सर. मी एकटीच होते. त्याने बाईक आडवी घातली नि माझं मनगट धरलं. मी त्याला टाकला."

"टाकला म्हणजे?"

"मी ज्युदो शिकते, रोह्याला."

मला हसू आलं. उमेदीच्या वयात मी तालमीत बऱ्यापैकी माती अंगाला लावलेली. ज्युदो म्हणजे कोट घालून खेळायची कुस्ती, असं माझं ठाम मत होतं, आणि कुस्तीत वजनाला किती किंमत असते ते मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, पुढं सांग.

"खाली पाडून त्याचा हात कोपरात अडकवून धरला. त्याने जमिनीवर दोन थापा मारल्या, म्हणून सोडला. तो उठला नि शिव्या देत परत अंगावर आला. मग दुसऱ्यांदा टाकला, तेव्हा त्याचं हाड मोडलं."

इथे मी तिला थांबवलं. जो आपल्यावर हात टाकतोय, तो तावडीत सापडल्यावर केवळ जमीन थोपटली म्हणून कोण सोडेल? मला ती सरळसरळ थाप वाटली. हवालदारबाईंना म्हटलं, "ते थापांचं राहू द्या. झटापट झाली एवढंच लिहा." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं तसं लिहिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत जबाबातली एक ओळ मी स्वतःच्या शहाणपणाने गाळली, ती ही.

मुलीची आई उठली. जाताना म्हणाली, "साहेब, पोलीस भरतीत हिचं नाव लागलंय. कागद तपासायला याच ठाण्यात येतील. केस झाली तं संपलं सगळं."

हे खरंच होतं. लेखी, मैदानी सगळं पार करून पोरगी यादीत आली होती. राहिली होती ती फक्त चारित्र्य पडताळणी, आणि तो अहवाल माझ्याच टेबलावरून जाणार होता. गंभीर दुखापतीचा गुन्हा तिच्या नावावर असताना मी वेगळं काय लिहिणार? वाईट वाटलं, पण कायदा म्हणजे कायदा, अशी मी मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी ठाण्याबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. एक मिनीडोअरवाला, म्हणजे सहा सीटर रिक्षाचा चालक, जवळ येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचंय हे पोलिसाला चेहऱ्यावरून कळतं. आपणहून विचारायचं नाही, दुसरा चहा मागवायचा. अर्धा कप झाल्यावर तो बोलला.

"साहेब, त्या माणसाला दवाखान्यात मीच नेला. बांधाच्या तोंडाशी गाडी लावून बसलेलो. तिथनं दुसरं कोण बाहेर आलंच नाय. दोन पोरं कुठनं आली?"

"मग आत्ता सांगतोस?"

"त्यांच्या तळ्यावरचंच भाडं असतं माझं. आणि आगरात आजी मीठ ओढत होती. तिनं सगळं बघितलंय, तिला इचारा."

हवालदारबाईंना घेऊन मी लगेच मिठागरावर गेलो. म्हातारी सत्तरीची, हातातली फळी खाली न ठेवता बोलत होती. दोन्ही बाजूंना पाणी, मधे जेमतेम चार हातांचा बांध, त्यावर बाईक आडवी. पोरीला पळायला वाटच नव्हती, हे तिने फळीने खुणा करून दाखवलं.

"एकटीच होती गो पोर," ती हवालदारबाईंना सांगत होती. "त्यानं हात धरला, तसा हिनं त्याला पाठीवरनं आपटला. मंग त्याचा हात धरून बसली. तो वरडत होता. त्यानं भुईवर हात आपटला, एकदा, दोनदा, नि हिनं लगेच सोडला! मी म्हटलं, गो बाय, सोडतेस कशाला त्याला?"

मी गाळलेली ओळ ती हीच. हवालदारबाईंनी या खेपेला माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, भराभर लिहून घेतलं.

"आजी, ठाण्यात येऊन हे का नाही सांगितलंत?"

"माला कुनी इचारलं?"

घटनास्थळाचा पंचनामा करताना मी याच बांधावर तासभर उभा होतो. समोर मीठ ओढणाऱ्या बाया मला दिसत होत्या, पण त्या साक्षीदार असतील हे डोक्यातच आलं नाही.

तरी तपास अर्धवट नको म्हणून रोह्याला गेलो. ज्युदोचा वर्ग चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, बुटक्या. मी विचारलं, थापा मारल्यावर सोडतात हा काय प्रकार? त्या म्हणाल्या, "साहेब, बूट काढून गादीवर या आणि माझं मनगट धरा."

धरलं. पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी पुढे जोर लावला आणि तोच जोर मला त्यांच्या पाठीवरून घेऊन गेला. आमच्या धोबीपछाडचाच सख्खा भाऊ, फक्त बाईंनी शेवटपर्यंत माझी बाही सोडली नाही, त्यामुळे डोकं आपटलं नाही. मग त्यांनी कोपर थोडंसं वाकवलं. कळ थेट मेंदूत गेली आणि माझा मोकळा हात आपोआप गादीवर आपटला, दोनदा. त्याच क्षणी हात सुटला.

"हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात," बाई म्हणाल्या. "आधी पडायला, मग सोडायला, आणि मग पाडायला. कराटेवाला ठोसा मारतो, तुम्ही कुस्तीवाले पाठ टेकवता. आम्ही समोरच्याचाच जोर वापरतो आणि त्याने थापा दिल्या की सोडतो. हजारदा केलं की हात डोक्याला विचारत नाही."

"पण रस्त्यावर?"

"रस्त्यावर पहिला डाव पळायचा. नाहीच जमलं तर पाडा आणि पळा. त्या दिवशी तिने सोडायला नको होतं. मी रागावलेय तिला. पण ज्याला हाणायचंच असतं, तो सोडत नाही साहेब."

फिर्यादीला पुन्हा समोर बसवलं तेव्हा मी पहारीचं नावसुद्धा काढलं नाही. कपाळावरचा घाम पुसू दिला, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "पहिल्यांदा पडलास तेव्हा जमिनीवर हात का आपटलास?"

तो चपापला. "दुखत होतं म्हणून."

"मग तिने काय केलं?"

"सोडला."

"आणि ती दोन पोरं तेव्हा काय करत होती?"

पोरं नव्हतीच, हे त्याने मान खाली घालून कबूल केलं. पोरीने लोळवलं हे गावाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती, म्हणून पोरं आणि पहार त्याने पदरची घातली होती. खोटी फिर्याद म्हणून ते प्रकरण बंद करायचा अहवाल मी पाठवला आणि मुलीच्या तक्रारीवरून त्याच्यावर विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला. तिचा पुरवणी जबाब घेतला, त्यात थापांची ओळ जशीच्या तशी आली. आधी ती का आली नव्हती, हेही मी वरिष्ठांना लिहून कळवलं. त्यांनी झाडलं, ते योग्यच होतं.

पडताळणीच्या ढीगभर अहवालांवर मी आयुष्यात सह्या केल्या, बरेचसे न वाचता. तिचा मात्र शब्दन्‌शब्द वाचला आणि मग सही केली. आणखी आठवडाभर त्या मिनीडोअरवाल्याने धीर केला नसता, तर एका सरळ मुलीची वर्दी मी माझ्या तालमीतल्या अकलेपायी हिरावून घेतली असती. देवाने, दैवाने म्हणा, मला वेळेवर जमिनीवर आणलं. पोलिसाला कायदा शिकवायला प्रबोधिनी आहे. ऐकायला मला या बायकांनी शिकवलं, आणि त्याचं ऋण निवृत्तीनंतरही मी मिरवतो.

प्रशिक्षणाला निघायच्या आदल्या दिवशी ती आईला घेऊन ठाण्यात आली. आई माझ्या पाया पडायला वाकली तसा मी खुर्चीसकट मागे सरकलो.

"ताई, असं करू नका. चूक माझी होती. पाया पडायचंच तर मी तुमच्या मुलीच्या पडायला हवं."

आई सरळ उभी राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"पाया नको साहेब," ती म्हणाली. "पुढची पोर येईल, तिचं सगळं लिवून घ्या."