उपरण्याखालचा भाव

आमच्या ह्यांनी मोटार घेतली ती बैल घेतात तशी, उपरण्याखाली. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

कुंभार पिंपळगावाहून जालन्याला जायचं म्हणजे तेव्हा बैलगाडीत अंग मोडून घ्यायचं. ह्यांनी नव्या मोटारीचा ध्यास घेतला. कापसाचे पैसे आले होते, पण ते पुरणार नव्हते. उरलेली तूट माझ्या चार पाटल्यांतून भरायची, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे मला सांगण्यात आलं. त्यातल्या दोन सासरच्या होत्या, त्या गेल्या तरी माझी तक्रार नव्हती. दोन मात्र माझ्या आईच्या हातातल्या. ती गेल्यावर वडिलांनी त्या माझ्या हातात घातल्या होत्या. मी म्हटलं, भाव नीट करा म्हणजे दोनांत भागेल, आणि पाटल्या सोनारासमोर मी स्वतः काढीन. म्हणून मला सोबत न्यावं लागलं.

मोटारी विकणारे सेठजी स्टेशनाजवळ सरकीचाही व्यापार करायचे. गोदामात पोत्यांशेजारी काळी कोरी मोटार उभी होती. मला खुर्चीवर बसवलं. ह्यांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, उगाच नाक मुरडलं आणि खांद्यावरचं उपरणं हातावर पसरलं. सेठजींनी त्याखाली हात घातला. बैलबाजारात असंच चालतं. एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना कळत नाही. पण इथं दुसरं गिऱ्हाईक होतं कुठं? बघणारी मी एकटी. माझ्याच पाटल्यांचा सौदा माझ्यापासून झाकून चालला होता. दोघं माना हलवत होते, मधेच हसत होते, आणि मी पोती मोजत बसले होते.

उपरणं झटकून हे माझ्याकडे आले. "झालं. तीन हजाराच्या खाली यायला तयारच न्हाईत. चारी काढाव्या लागतेत."

मी विचारलं, नक्की तीन हजार? तर म्हणाले, बायकांनी यात पडू नये.

माझं डोकंच फिरलं. मी उठले, पदर डोक्यावर नीट घेतला आणि सरळ सेठजींना विचारलं. ते ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. म्हणाले, हातातला सौदा तोंडानं बोलायचा रिवाज नाही. बरं, रिवाज तर रिवाज. मी पदराचं टोक उजव्या हातावर ओढून घेतलं आणि हात त्यांच्यापुढं धरला.

"मंग माझ्या हातात सांगा."

परक्या बाईचा हात धरायचा म्हटल्यावर सेठजी दोन पावलं मागं सरले. एक हमाल पाठीवर पोतं घेऊन तसाच थांबला. मी हात खाली घेतला नाही.

"सत्तावीसशे, बाई," सेठजी खाली बघत म्हणाले. "सत्तावीसशेच ठरले."

तीन हजारांना चार पाटल्या आणि सत्तावीसशेला दोन, एवढा हिशेब मला कुणी शिकवायला नको होता. हे पुटपुटले, पेट्रोलला, ड्रायव्हरला खर्चा लागत नाही का. लागतो ना! तसं सांगून मागितल्या असत्या तर मी दिल्याही असत्या, आईच्यासुद्धा. ह्यांना मागणं जमलं नाही. खोटं बोलणं बरोबर जमलं.

सोनाराकडे मी सासरच्या दोन काढून दिल्या आणि आईच्या दोन हातात ठेवल्या. नव्या मोटारीतून परतताना हे ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागं. अंबड आलं. मग पुढंच बघत ते म्हणाले, "चारचौघांत माझी इज्जत घालवलीस."

"चारचौघांत विचारलं म्हणून खरं कळलं," मी म्हटलं. "घरी विचारलं असतं तर तुम्ही मला तीन हजारच सांगितले असते."

'तसं नाही' एवढं जरी ते म्हणाले असते, तर मला बरं वाटलं असतं.